दस्तुरखुद्द

डुलूथच्या कोर्टात हल्ली कागद जात नाही.
कागदाचं चित्र जातं,
आणि सहीच्या जागी दोन तिरप्या रेघा,
मध्ये इंग्रजी एस, पुढे टाइप केलेलं नाव.
एवढ्याला कायदा सही म्हणतो.
अट एकच: ज्याचं नाव टाइप केलंत
त्याच्या हातची, ओल्या शाईची प्रत
तुमच्या कपाटात हवी.
कोर्ट ती मागत नाही.
मागू शकतं.

एल्वी सारेला सव्वीस वर्षं ते कपाट सांभाळते.
किल्ली स्वेटरच्या खिशात, खोकल्याच्या गोळ्यांबरोबर.
मी शेजारी बसून स्कॅनर चालवतो
आणि तिच्याकडून शिकतो
कागदाला न दुखवता स्टेपल कशी काढायची ते.

त्या आठवड्यात सरोवरावरून बर्फ आडवा येत होता.
ऑर्व्हो निक्कानेन, वय सदुसष्ट,
खनिजाच्या धक्क्यावर उभी हयात गेलेला,
जबानीवर सही करायला गुरुवारी येणार होता.
सोमवारी एल्वीने त्याला ती फोनवर वाचून दाखवली,
कलम एक ते चौदा.
नवव्या कलमाला तो म्हणाला, थांब.
"पट्टा थांबला नाही" असं नको लिहूस.
"थांबवला नाही" लिही.
बटण होतं. बटणापाशी माणूस होता.

एक अक्षर वाढलं.

मग म्हणाला, आता बरोबर आहे, टाक माझं नाव,
गुरुवारी येऊन सही ठोकतो.

बुधवारी रात्री दारापुढचा बर्फ उपसताना
दम खायला पायरीवर बसला
तो बसलाच.

गुरुवारी मुदत, रात्री बारापर्यंत.
वकीलसाहेब मिनीॲपोलिसच्या विमानतळावर अडकलेले.
फोनवर त्यांनी विचारलं, फाइल तयार आहे ना?
एवढंच. पुढचं विचारलं नाही,
आणि न विचारणं हीसुद्धा एक विद्याच.
पडद्यावर चौदा कलमं, खाली मोकळी रेघ.
मार्लिस टोलेफसनचा नवरा त्या पट्ट्यात गेला,
आणि तिच्या बाजूने बोलणारा
हा एकच.

मी म्हणालो, त्याने सांगितलं होतं ना, टाक म्हणून?
एल्वी म्हणाली, सांगितलं होतं.
आणि दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून
मांडीवर ठेवले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला आमचा एक शब्द सांगितला,
जुन्या कागदांतला. दस्तुरखुद्द.
म्हणजे हात त्याचाच,
कारकुनाचा नव्हे, भावाचा नव्हे, पाठवणाऱ्याचा.
ती म्हणाली, मग तुमच्याकडे हा प्रश्न सुटलेला दिसतो.
नाही, मी म्हणालो.
आमच्याकडे मेलेल्यांचेही अंगठे उठवून घेतलेत लोकांनी,
बोट गार व्हायच्या आत.

यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.
हीटर टकटक करत राहिला.
अकरा वीसला तिने कोरी फाइल उघडली:
मी, एल्वी सारेला, सोमवारी दुपारी फोनवर
खालील मजकूर वाचला.
ऐकणाऱ्याने एक शब्द बदलला. तो शब्द असा.
ऐकीव आहे, मी म्हणालो, समोरचे हसतील.
हसू देत, ती म्हणाली, मी ऐकलं एवढं तर खरं ना?
दोन तिरप्या रेघा, मध्ये एस, आणि तिचं स्वतःचं नाव.
अकरा बावन्न.

मग छापील प्रत काढली. थंडीने पेन चालेना.
पाकिटावर गोल गोल गिरवलं, फुंकर मारली,
आणि सही केली, शेवटचा अ जरा फाटलेला.
किल्ली फिरवली.

ऑर्व्होची मोकळी रेघ तिने टाकून दिली नाही.
तीही कपाटात आहे, निराळ्या फोल्डरमध्ये.
फोल्डरवर काय लिहायचं
ते अजून आमचं ठरलेलं नाही.